हेडलाइट घासून चकचकीत केले तरी पुन्हा पिवळे का पडतात, आणि ते कसं थांबवायचं

दिवाळीआधी हेडलाइट घासून घेतले, अगदी नव्यासारखे दिसले, आणि होळी उलटता उलटता पुन्हा तोच पिवळेपणा. मग कोणी म्हणतं कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) हलकं होतं, कोणी म्हणतं पॉलिश पेपर कमी मारला. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी ठीकच असतात. घासण्याचं काम नीट झालेलं असतं, घासल्यानंतरचं काम झालेलंच नसतं.

आपण ‘हेडलाइटची काच’ म्हणतो खरं, पण ती काच नव्हे. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी, जुनी मारुती ८०० यांच्या हेडलाइटला खरी काच होती. ती दगड लागून तडकायची, पण पिवळी पडायची नाही. आजच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असतं. हलकं, हवा तसा आकार घेणारं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं. त्याचे दोष दोन. एक, ते मऊ आहे, त्यामुळे चरे लगेच पडतात. दोन, उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यात त्यावर एक कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. काही वर्षं ऊन, वाळू आणि फडकी खाऊन हा लेप आधी मंद होतो, मग वरच्या कडेला त्याचे पापुद्रे सुटायला लागतात आणि खालचं उघडं प्लास्टिक रंग बदलतं.

तेव्हा घासताना आपण मळ काढत नसतो, उरलासुरला लेप काढत असतो. घासून चकचकीत झालेली काच त्या घडीला पूर्ण उघडी असते. तिला आता पहिल्यापेक्षाही कमी संरक्षण आहे. त्यावर नवं काही चढवलं नाही तर ती पुन्हा पिवळी पडणारच, आणि पहिल्या वेळेपेक्षा लवकर पडणार.

आधी बिघाड बाहेर आहे की आत, ते पाहा

अर्धे लोक इथेच चुकतात. आतून धुरकटलेला हेडलाइट बाहेरून घासत बसतात.

थंड हेडलाइटवर तांब्याभर पाणी ओता. ओली असताना काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. घरी दुरुस्त होईल. ओली असतानाही काही डाग जसेच्या तसे दिसले, तर ते आतल्या बाजूला आहेत किंवा प्लास्टिकच्या पोटात गेलेले आहेत.

मग नख फिरवा. चऱ्यात नख अडकत असेल तर तो चरा पूर्ण जाणार नाही. तो काढण्याइतकं खोल घासलं तर तिथे खळगा पडतो आणि प्रकाश वाकडा जातो. असा चरा कडा गुळगुळीत करून सोडून द्यायचा.

तिसरी खूण कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगांची. उन्हात तिरक्या कोनातून पाहिलं की त्या चमकतात, पण हाताला लागत नाहीत. या भेगा लेपाच्या आहेत की प्लास्टिकच्या, हे पेपर मारल्याशिवाय कळत नाही. एका कोपऱ्यात दोन बोटं रुंद जागा ६०० नंबरच्या पेपरने (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) पाच मिनिटं घासून पाहा. भेगा गेल्या तर लेपाच्या होत्या, पुढे चला. नाही गेल्या तर त्या आत उतरल्या आहेत. मग बाकीचा दिवा घासून हात दुखवून घेण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात किंवा थंडीच्या सकाळी आत येणारं बाष्प हा वेगळाच विषय. दिवे लावल्यावर अर्ध्या तासात ते विरलं तर काळजी नको, बहुतेक हेडलाइटना श्वास घ्यायला छिद्रं ठेवलेली असतात. आत थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचत असेल, तर मागचं रबरी बूट (बल्बभोवतीचं रबरी आवरण) नीट बसलंय का, बल्ब बदलताना मागचं झाकण अर्धवट राहिलंय का, आणि खालच्या कडेला केसासारखी चीर आहे का, हे तपासा. पाणी येण्याचं कारण सापडल्याशिवाय काचेला हात लावू नका.

आतला चंदेरी भाग, म्हणजे रिफ्लेक्टर, कधीच पुसू नका. तो ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो, मऊ कापडानेही निघून येतो. तो काळवंडला असेल तर बहुधा कोणीतरी ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० वॉटचे बल्ब बसवलेले असतात. एवढ्या उष्णतेने रिफ्लेक्टर जळतो आणि काचही आतून धुरकटते. त्याला पेपर आणि कंपाउंड हा उपाय नाही.

दिवा काचेचा की प्लास्टिकचा याबद्दल शंका असेल तर कडेला उठावाची अक्षरं शोधा. युरोपीय मानकाच्या खुणांमध्ये ‘पीएल’ ही रोमन अक्षरं असली की प्लास्टिकची काच. मागचे दिवे मात्र बहुधा ॲक्रिलिकचे असतात. ते पिवळे पडत नाहीत, पण अल्कोहोल लागलं तर त्यांना भेगा जाऊ शकतात. खाली दिलेली कृती त्यांच्यावर करू नका.

एकच दिवा जास्त पिवळा असतो, असं का, हा प्रश्न वारंवार येतो. गाडी कुठे तोंड करून उभी राहते ते पाहा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून फिरतो. दक्षिणेला किंवा पश्चिमेला तोंड करून उघड्यावर उभी राहणारी गाडी सगळ्यात आधी पिवळी पडते, आणि तिचा एक दिवा भिंतीच्या सावलीत असेल तर तो मागे राहतो. तोंड भिंतीकडे करून गाडी लावली तर पिवळेपणा फुकटात लांबणीवर पडतो.

सामान

वॉटर पेपर, म्हणजे काळा पॉलिश पेपर जो पाण्यात चालतो. लाकडाचा पिवळा पेपर नको, तो पाण्यात विरघळतो. नंबर ६००, ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३०००, प्रत्येकी एक ताव. २००० पर्यंतचे पेपर ऑटो पेंटच्या दुकानात मिळतात. ३००० साठी गाडीच्या पॉलिशचं सामान ठेवणारं दुकान शोधावं लागतं. एका तावाचे चार तुकडे दोन्ही दिव्यांना पुरतात.

मास्किंग टेप एक इंची, दोन बादल्या, गाडीचा शांपू, पाण्याची फवारणी बाटली, तीन-चार मायक्रोफायबर कापडं, आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, पॉलिशिंग कंपाउंड ५० ग्रॅम. घासायला ठोकळा म्हणून जुन्या हवाई चपलेचा तळहाताएवढा तुकडा. पेंटर वर्षानुवर्षं तोच वापरतात, आणि काचेच्या गोलाईवर विकतच्या कडक ठोकळ्यापेक्षा तो बरा बसतो.

अल्कोहोलऐवजी सॅनिटायझर चालत नाही. त्यात हात मऊ ठेवायला ग्लिसरीन घातलेलं असतं आणि ते काचेवर तसंच राहतं. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांना तर दिव्याच्या जवळही आणू नका. पॉलिकार्बोनेट त्यांनी पांढरं पडतं किंवा भेगाळतं, आणि भेगा कधीकधी दोन दिवसांनी दिसतात, म्हणजे दोष कशाचा हेही कळत नाही. डीट असलेला डास पळवायचा स्प्रे फवारून काच पुसण्याची युक्ती फिरत असते. तोही प्लास्टिक विरघळवूनच चमक आणतो.

आता निवड करा, नंतर नको

पेपर कोणत्या नंबरवर थांबवायचा हे शेवटी काय चढवणार यावर ठरतं. हे आधी ठरवलं नाही तर पुढचं सगळं फुकट जातं.

टूके क्लिअर मारणार असाल, म्हणजे गाडीच्या रंगावर हार्डनर घालून मारतात तोच पारदर्शक लेप, तर १००० नंबरवर थांबा. काच पांढरी, दुधी दिसेल. दिसू द्या. क्लिअरला धरायला ते ओरखडे लागतात. ३००० पर्यंत घासून, कंपाउंडने आरसा करून वर क्लिअर मारला तर तो काही महिन्यांत सालासारखा निघतो. घरगुती प्रयत्न फसण्याचं हे मोठं कारण आहे, आणि गंमत म्हणजे जो जास्त मेहनत घेतो तोच इथे फसतो.

पीपीएफ (गाडीचा रंग वाचवायला चिकटवतात ती पारदर्शक फिल्म), सिरॅमिक किंवा वॅक्स सीलंट लावणार असाल तर उलट. ३००० पर्यंत जा, कंपाउंडने पूर्ण पारदर्शक करा, मग लावा. हे थर ओरखडे भरून काढत नाहीत.

टिकाऊपणात टूके क्लिअर पहिला, तो नीट बसला तर काही वर्षं जातो. त्याच्याजवळपास चांगली पीपीएफ, तिचा जास्तीचा फायदा म्हणजे ट्रकच्या चाकाखालून उडणारी खडी ती झेलते. सिरॅमिकच्या बाटलीवर लिहिलेली वर्षं रंगाच्या पत्र्यासाठी असतात. उघड्या पॉलिकार्बोनेटवर त्याचा भरवसा काही महिन्यांपलीकडे धरू नये. वॅक्स दीड-दोन महिने. साधा क्लिअर लॅकर स्प्रे, ज्यात हार्डनर नसतो, तो यादीतून काढून टाका. स्वस्त असतो, लगेच चमकतो, आणि तोच आधी पिवळा पडतो. शिवाय पेट्रोल सांडलं तरी विरघळतो.

घासणं

गाडी सावलीत, काच थंड. दिवा आणि आजूबाजूचा भाग शांपूने धुवा. किडे चिकटलेले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मऊ करा, खरवडू नका. कोरडं करून बॉनेट, बंपर आणि मडगार्डच्या कडांवर टेपचे तीन थर लावा. एक थर पुरत नाही. ६०० नंबरचा पेपर टेपवरून दोनदा घसरला की खालचा रंग गेला.

पेपरचे तुकडे शांपूचे दोन-तीन थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. कोरडा पेपर ताठ असतो आणि त्याचे कोपरे खोल चरे पाडतात.

सुरुवात कोणत्या नंबरने? लेपाचे पापुद्रे निघत असतील तर ६००. सगळीकडे सारखा पिवळेपणा असेल तर ८००. नुसतं धुकं असेल, पिवळं नसेल, तर १००० किंवा १५०० पासूनही भागतं. ४०० ची गरज क्वचितच पडते, आणि त्याचे ओरखडे काढता काढता जीव मेटाकुटीला येतो.

पहिल्या नंबराने आडवं घासा. ठोकळा काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गोल गोल नाही. जोर पेपर जागेवर राहण्याइतकाच. सतत पाणी मारत राहा. सुरुवातीला येणारा रगडा पिवळसर असेल. तो पांढरा झाला की लेप आणि पिवळं प्लास्टिक निघालं असं समजा. एका दिव्याला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि या नंबरवर घाई करू नये. पुढच्या नंबरांचं काम फक्त ओरखडे बारीक करण्याचं आहे, पिवळेपणा काढण्याचं नाही.

आता पुसून कोरडं करा आणि मोबाइलची बॅटरी अगदी बाजूने, तिरकी धरा. लेप कुठे उरला असेल तर नकाशावरच्या बेटासारखी कडा दिसते. बेट दिसतंय तोवर पुढचा नंबर घेऊ नका. अर्धा लेप आणि अर्धं उघडं प्लास्टिक यांच्यावर पॉलिश वेगवेगळं बसतं आणि तो डाग शेवटी, सगळं झाल्यावर, डोळ्यात भरतो. वरची कड आणि बॉनेटखाली जाणारा भाग इथे हमखास लेप राहतो. तिथे ठोकळा जात नाही, पेपर तिहेरी घडी करून बोटाने घासावं लागतं. फक्त तिथेच. बाकी कुठेही बोटाने घासलं की बोटांच्या रुंदीचे चर पडतात आणि ते रात्री दिवा लावल्यावर दिसतात.

नंबर बदलताना दिवा, ठोकळा आणि हात धुवा, बादलीतलं पाणी फेका. ६०० चा एक कण २००० च्या पाण्यात राहिला तर सगळं मागे जातं. पुढचा नंबर आधीच्याच्या आडव्या दिशेत, म्हणजे आता उभा. कारण सोपं आहे. आधीचे आडवे ओरखडे सगळे मिटले की नाही हे लगेच कळतं. असं प्रत्येक नंबरला दिशा बदलत, चार-पाच मिनिटं. नंबर गाळू नका. ८०० वरून थेट २००० वर गेलात तर ८०० चे ओरखडे तसेच राहतात, २००० त्यांच्यावर फक्त चमक आणतो.

काच पातळ होईल ही भीती मनात आणू नका. तिची जाडी साधारण २ ते ३ मिलिमीटर असते आणि एवढ्या सगळ्या घासण्यात निघतो तो मिलिमीटरचा अगदी थोडा अंश.

पॉलिश करणार असाल तर ३००० नंतर कंपाउंडचा शेंगदाण्याएवढा गोळा ओलसर स्पंजवर घेऊन हाताने दहा मिनिटं, किंवा ड्रिलला फोमचं पॅड लावून हळू वेगात. मशीन एका जागी थांबवू नका. पॉलिकार्बोनेट तापलं की मऊ होऊन ओढलं जातं आणि तिथे पांढरट फरकाटा उमटतो. हाताला काच गरम लागली की थांबा, पाणी मारा, मग पुढे.

टूके क्लिअर

यात दोन वाटा आहेत. एक, तळाला बटण असलेला टूके स्प्रे. बटण दाबलं की आतल्या कुपीतलं हार्डनर मिसळतं. एकदा दाबलं की डबा साधारण दिवसभराचा सोबती, पुढच्या महिन्यासाठी ठेवता येत नाही. दुसरी, क्लिअर आणि हार्डनर सुटं घेऊन गनने मारणं. बाजारात २:१ आणि ४:१ अशा दोन्ही प्रमाणांचे मिळतात, डब्यावर असेल तेच पाळा. दोन दिव्यांना १०० मिली मिश्रण पुरून उरतं.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसाला घातक आहे आणि एकदा त्याची ॲलर्जी बसली की थोड्या वासानेही दम लागतो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून काही उपयोग नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज आणि तुषारासाठीचा कण-फिल्टर असलेला रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा, हे नसेल तर स्वतः मारू नका. त्यापेक्षा चांगली युक्ती अशी की घासण्याचं वेळखाऊ काम घरी १००० नंबरपर्यंत करायचं आणि गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्यायची. त्याला स्पष्ट सांगा की प्रायमर नको, लॅकर नको, फक्त टूके क्लिअरचे दोन हात. तो दुसऱ्या गाडीला क्लिअर मारतच असतो, त्यातच तुमचे दिवे होतात.

स्वतः मारणार असाल तर दिवस निवडा. पावसाळ्यात नाही, कोकणपट्टीत तर ऑक्टोबरच्या दमट दुपारीही नाही. हिवाळ्यातली कोरडी सकाळ, वारा नसताना, तापमान २० ते ३० अंशांच्या आत. धूळ उडू नये म्हणून खालची जमीन शिंपडून घ्या आणि ओल उडून गेल्यावर कामाला लागा. जुना टेप काढून नवा लावा, गाडीचा सगळा पुढचा भाग प्लास्टिक कागदाने झाका. क्लिअरचा तुषार तीन-चार फूट जातो आणि पुढच्या काचेवर बसला तर ब्लेडने काढावा लागतो.

अल्कोहोलने दोनदा पुसा, प्रत्येक वेळी कोरं कापड. त्यानंतर बोट लावू नका. डबा १५ ते २० सेंटीमीटर अंतरावर धरून पहिला हात धुक्यासारखा, पातळ. काच पूर्ण झाकली जाऊ नये. हा पातळ हात महत्त्वाचा, कारण क्लिअरमधला द्रावक एकदम जास्त बसला तर तोच प्लास्टिकला भेगा पाडतो. दहा मिनिटं थांबा. मग दोन ओले हात, मध्ये दहा-दहा मिनिटं. फवारा काचेच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करायचा, म्हणजे कडेला थेंब जमत नाहीत. शेवटच्या हातानंतर दूध पाण्याने धुतल्यासारखी काच पारदर्शक होते. टेप क्लिअर अर्धवट ओला असतानाच काढा. पूर्ण वाळल्यावर ओढला तर कड सोबत येते.

चोवीस तास पाणी नाही, आठवडाभर शांपू किंवा पॉलिश नाही.

फसलं तर

क्लिअर दुधी पडला: हवेतला दमटपणा अडकला आहे. एक दिवस कोरड्या ऊबेत ठेवा, हलका असेल तर निघून जातो. राहिला तर आठवड्याने १००० ने घासून पुन्हा एक हात.

गोल गोल खड्डे पडले: सिलिकॉन. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे किंवा टायरचं पॉलिश त्याच हाताने लागलेलं असतं. वरून आणखी हात मारून खड्डे बुजत नाहीत. वाळू द्या, ८०० ने उतरवा, अल्कोहोलने पुसा, पुन्हा मारा.

संत्र्याच्या सालीसारखा पोत: डबा फार लांब धरला होता किंवा हात कोरडा बसला. आठवड्याने २०००, ३००० आणि कंपाउंड. अगदी हलकेच, नाहीतर आत्ताच चढवलेला लेप पुन्हा काढून बसाल.

कडेने साल निघतेय: कडा नीट घासल्या गेल्या नव्हत्या. सुटलेलं साल तेवढं कापून वरून मारणं टिकत नाही, पूर्ण दिवा पुन्हा घासावा लागतो.

दिवसा स्वच्छ, पण रात्री प्रकाशाला तुसे फुटलेले दिसतात: मधला नंबर गाळला गेला. बॅटरी तिरकी धरून ओरखड्यांची दिशा पाहा, ती दिशा ज्या नंबरची होती त्याच्या पुढच्या नंबरपासून पुन्हा सुरू करा. सगळ्या मुळापासून करायची गरज नाही.

काच आरशासारखी, पण उजेड तेवढाच मंद: रिफ्लेक्टर आणि बल्ब पाहा. नंतर इंजिन आणि दिवे चालू असताना बल्बच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा. गाडीच्या बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज आणि इथलं व्होल्टेज यात अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त फरक असेल तर वायर किंवा अर्थिंगमध्ये दोष आहे.

टूथपेस्ट, आणि कपातली वाफ

टूथपेस्टमध्ये दात घासायला बारीक भुकटी असते, म्हणून ती हलकं धुकं काढते. पण हे कंपाउंडचंच दुबळं रूप. खोबरेल किंवा गंजाचा स्प्रे पुसला तर ओरखड्यांत तेल भरून काच ओल्यासारखी दिसते, आणि पहिल्या पावसापर्यंतच दिसते. गाडी विकायची असेल तेव्हा हे उपाय लोकांना फार आवडतात. जुनी गाडी घेताना म्हणून हेडलाइट अल्कोहोलने पुसून पाहावा.

कपात द्रव तापवून त्याची वाफ काचेवर सोडायचं किट मात्र सरळ टाळा. घासलेली दुधी काच क्षणात काचेसारखी होते, व्हिडिओत फार छान दिसतं. त्या द्रवात पॉलिकार्बोनेट विरघळवणारा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मच्या जातीचा द्रावक असतो. वरचा थर वितळतो आणि ओरखडे मिटतात. अतिनील किरणांपासून संरक्षण शून्य, आणि वितळून पुन्हा घट्ट झालेल्या थरात ताण राहतो. काही महिन्यांनी कोळ्याचं जाळं दिसायला लागलं की ते प्लास्टिकच्या आत असतं, पेपरने निघत नाही. वाफ श्वासात गेली तर माणसालाही अपाय.

नंतरची निगा

चरे पाडणारा सगळ्यात मोठा गुन्हेगार रस्ता नव्हे, रोज सकाळी फिरणारं फडकं. सोसायटीत गाड्या पुसणारा एका बादलीत दहा गाड्यांची धूळ घेऊन फिरतो आणि कोरड्या धुळीवरच फडकं ओढतो. त्याला म्हणावं, दादा, दिव्यांवर आधी पाणी मारा, मगच फडकं लावा, नाहीतर दिवे सोडूनच द्या.

वॅक्स सीलंटवर असाल तर दर दीड-दोन महिन्यांनी नवा हात. पावसाळा संपला की पाणी ओतून पाहा. थेंब गोळा होऊन घरंगळले तर थर शिल्लक आहे, पाणी सपाट पसरलं तर गेला. फिल्म लावली असेल तर कडेला माती शिरून काळी रेघ दिसते का बघत राहा. रंगीत फिल्म लावू नका. पिवळी काच काढून काळी काच बसवण्यासारखं आहे ते.

दिवा काढून घासला असेल तर बसवल्यावर रोख तपासा. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून ५ मीटरवर, टायरमध्ये नेहमीची हवा, चालकाच्या जागेवर एक माणूस. डिपर, म्हणजे लो बीम, लावला की उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली हवी आणि डाव्या बाजूला ती वर चढलेली हवी, कारण आपण डावीकडून चालतो. कड उजवीकडे चढत असेल तर दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशाच्या गाडीचा आहे. जुन्या बाजारातून आलेल्या दिव्यांत असं आढळतं आणि तो समोरच्याचे डोळे दिपवतो.

भेगा आत गेल्या असतील, काच तडकली असेल किंवा रिफ्लेक्टर जळला असेल तर नवा दिवाच घ्या. मूळ कंपनीचा महाग पडतो. बाजारातले स्वस्त दिवे जुळतात, पण त्यांचा वरचा लेप बरेचदा हलका असतो. असा दिवा घेतला तर बसवण्याआधीच, काच नवी कोरी असतानाच, त्यावर पीपीएफ लावून घ्या.